न पाळलेल्यांचा बाजार

माझी थोरली जाऊ एकोणीस वर्षं लोकांच्या दारावरच्या घंटा वाजवत आली आहे. साबण, चहा, गाद्या, डोकेदुखीच्या गोळ्या. ज्या वस्तूचा खप वाढला किंवा घसरला, तिच्यामागे बाजार पाहणीचा फॉर्म घेऊन ती चालली. दार उघडणारा माणूस पुढे काय बोलणार हे तिला त्याच्या पहिल्या श्वासावरून कळतं, असं भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, सांगतात. "म्हणून तर मी घरात श्वास जपून घेतो," असंही सांगतात.

मीही त्याच ऑफिसात आहे. ती दिवसभर बाहेर, मी दिवसभर आत. तिने आणि इतरांनी भरून आणलेले फॉर्म माझ्या टेबलावर येतात आणि मी ते कॉम्प्युटरमध्ये चढवते. एका घरातल्या दोन जावा एकाच ऑफिसात म्हटल्यावर लोक सुरुवातीला आमच्या भांडणाची वाट बघत होते. वर्ष-दीड वर्ष वाट बघून त्यांनी नाद सोडला.

आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, खाली दातांचा दवाखाना. सरकत्या खुर्च्या, भिंतीला देशाचा मोठा नकाशा आणि साहेबांच्या केबिनला काच. साहेबांच्या खालोखाल मान होता आकडेमोड करणाऱ्या गृहस्थांना. चाळिशी ओलांडलेला, नीटनेटका माणूस. घरात किती माणसं आहात असं विचारलं तरी ते टक्क्यांत उत्तर देतील, म्हणून आम्ही त्यांना 'टक्के' म्हणायचो. त्यांच्यासमोरसुद्धा. त्यांना ते आवडायचं.

तर त्या वर्षी आमच्याकडे काम आलं ते कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचं. कोरडं, दाणेदार खाद्य बनवणारा एक जुना कारखाना होता. त्यांच्या दहा किलोच्या गोण्यांचा खप गेली तीन वर्षं एका विचित्र ठिकाणी वाढत होता. जुन्या वस्त्यांत, एका-दोन खोल्यांच्या घरांत, जिथे घरमालक कुत्रा काय, खिडकीत कुंडीसुद्धा ठेवू देत नाहीत. कारखान्याच्या लोकांनी अर्थ काढला की लोक आता छोट्या घरांतही मोठे कुत्रे पाळायला लागलेत. त्यासाठी एक महागडं, चकचकीत, जातिवंत कुत्र्याच्या चित्राचं पाकीट काढायचं ठरत होतं. त्याआधी देशभर पाहणी करून खात्री करून घ्यायची होती. चार शहरं, चार हजार घरं, एक्केचाळीस प्रश्न.

पहिला प्रश्न असा: तुमच्या घरी पाळीव प्राणी आहे का? उत्तर 'नाही' आलं, तर आभार मानायचे आणि पुढच्या दाराला जायचं. बाकीचे चाळीस प्रश्न फक्त 'हो' म्हणणाऱ्यांना.

पाहणीच्या दुसऱ्याच दिवशी ताईला, मी जाऊबाईंना ताई म्हणते, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भूमितीच्या निवृत्त शिक्षिका भेटल्या. सत्तरीच्या, ताठ कण्याच्या, दार अर्धंच उघडून उभ्या.

"पाळीव प्राणी? नाही. मुळीच नाही," बाई म्हणाल्या.

ताईची नजर त्यांच्या खांद्यावरून आत गेली. समोरची खिडकी शेजारच्या पत्र्यावर उघडत होती. खिडकीच्या कट्ट्यावर तीन वाट्या ओळीने मांडलेल्या. एकीत पाणी, एकीत दाणे, एक पालथी.

"आणि त्या वाट्या?" ताईने विचारलं.

"ती माझी नाही. ती येते."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

"नाव काय तिचं?"

"नाव मी ठेवलेलं नाही," बाई करड्या आवाजात म्हणाल्या. "नाव ठेवलं की दोन दिवस कुठे होतीस असं विचारायचा हक्क आपण घेतो. तो मला नको आहे."

नियम म्हणजे नियम. ताईने 'नाही'वर खूण केली, आभार मानले आणि जिना उतरली. पण फॉर्म पिशवीत टाकण्याआधी तिने तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलने एक शब्द लिहिला: वाटी.

पुढच्या आठवड्यात तिचे फॉर्म माझ्याकडे यायला लागले, तेव्हा मला पाठीमागची पेन्सिल दिसली. वाटी. वाट्या दोन. जिन्यात डबा. गॅलरीत ताटली, मालक लपवतो. शिंपी, दुकानाच्या पायरीवर परात. असल्या नोंदींसाठी कॉम्प्युटरमध्ये रकाना नव्हता. 'नाही' एवढंच चढवायचं आणि पुढे जायचं. शंभरेक फॉर्म मी तसे चढवलेसुद्धा. मग मात्र मला राहवेना.

संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यापाशी भाजी चिरत होतो, तेव्हा मी विषय काढला. "ताई, हे काय चालवलंय? फॉर्मच्या मागे भांडी कसली मोजताय?"

"अगं, मी भांडी मोजत नाहीये, माणसं मोजतेय," ती म्हणाली. "लोक नाही म्हणतात आणि पायाशी ताटली असते. खोटंही बोलत नाहीत बिचारे. त्यांनी पाळलेलं नसतंच. फक्त खायला घालतात, दररोज, ठरल्या वेळी."

"किती जण असतील असे?"

"ते तू सांगायचंस. कॉम्प्युटर तुझ्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिचे सगळे फॉर्म उलटे करून बसले. पाचशे घरांपैकी तीनशे चाळीस 'नाही'. त्यातल्या एकशे बारांच्या पाठीवर पेन्सिल. मी पुन्हा मोजलं. एकशे बाराच. म्हणजे नाही म्हणणाऱ्यांतला दर तिसरा माणूस रोज कुणाला तरी खायला घालत होता आणि आमचा फॉर्म त्याला आभार मानून वाटेला लावत होता.

मी टक्केंकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे लोक आपल्या अभ्यासात येतच नाहीत. प्राणी नाही म्हणजे ग्राहक नाही."

"पण खाद्य विकत घेतात ना ते?"

"ते पेन्सिलने लिहिलंय," टक्के म्हणाले. जणू पेनने लिहिलं असतं तर वेगळं घडलं असतं.

गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. त्यांनी ताईला आत बोलावलं. काचेतून मला दोघांचे हात दिसत होते. साहेबांचे हवेत, ताईचे मांडीवर.

"फॉर्मवर वाटेल ते लिहायचं नसतं, एवढं एकोणीस वर्षांत कळलं नाही?" साहेब विचारत होते, बाहेर ऐकू येईल एवढ्या मोठ्याने.

"फॉर्मवर नाही लिहिलं साहेब. मागे लिहिलंय."

"फॉर्म गिऱ्हाइकाने मंजूर केलाय. त्यातला काना-मात्रासुद्धा बदलणार नाही. विषय संपला."

ताई बाहेर आली ती मुळीच हिरमुसलेली नव्हती. पाणी प्यायली, चपलेचा पट्टा आवळला आणि म्हणाली, "रविवारी मोकळी आहेस ना? आपल्याला एका दुकानात जायचंय."

दुकान जुन्या बाजाराच्या तोंडाशी होतं. दाणा, पेंड, पाखरांचं खाद्य, माशांचं खाद्य. दुकानदार पोटावर हात बांधून स्टुलावर बसलेला. त्याने आम्हाला गिऱ्हाईक समजून बसायला सांगितलं, मग बाजार पाहणीवाल्या म्हणून उठायला सांगितलं, आणि ताईने दहा मिनिटांत त्याच्याशी असं काही गूळपीठ जमवलं की त्याने चहा मागवला. आम्ही दुपारपर्यंत तिथेच कोपऱ्यात बसलो.

काय काय पाहिलं! कारखान्याची दहा किलोची गोणी तोंड सोडून उभी होती आणि तिच्यात एक मापटं खोचलेलं. रात्रपाळी संपवून निघालेली नर्स आली, तिने पाव किलो घेतलं. मग एक पहारेकरी, अर्धा किलो. त्याच्यामागून दोन बहिणी आल्या. एकमेकींशी वाद घालत त्यांनी पाव-पाव किलो वेगवेगळं घेतलं, कारण धाकटीच्या मते थोरलीची मांजरं उधळी होती. "तुमची मांजरं?" असं ताईने विचारलं, तर दोघी एका सुरात म्हणाल्या, "छे, आमची कुठली!"

"असे रोज किती येतात?" ताईने दुकानदाराला विचारलं.

"एका गोणीला चाळीस हात लागतात," तो म्हणाला. "कंपनीची माणसं येतात, गोण्या मोजतात आणि खूश होऊन जातात. त्यांचा हिशेब सरळ आहे, एक गोणी म्हणजे एक कुत्रा. मी कशाला सांगू? मला कोणी विचारलंय का?"

परत येताना ताई रस्ताभर मनातल्या मनात वाक्यं मांडत होती, खोडत होती.

महिन्याभराने कारखान्यात अहवाल सादर करायचा दिवस आला. तिथल्या मालकीणबाईंनी निरोप पाठवला होता की आकडे दाखवणाऱ्यांबरोबर प्रत्यक्ष फिरलेलं एक तरी माणूस आणा. साहेबांनी नाइलाजाने ताईला घेतलं, आणि तक्ते दाखवायला मला. गाडीत त्यांनी ताईला बजावलं, "विचारलं तरच बोलायचं."

"विचारलं तरच बोलेन," ताईने शब्द दिला.

बैठकीची खोली कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. भाजलेल्या पिठाचा आणि सुक्या मासळीचा वास जिन्यातूनच सोबत आला. लांब टेबलावर काचेच्या बरण्या, बरण्यांत तपकिरी दाणे. मालकीणबाई पासष्टीच्या, आखूड पांढरे केस, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. तीस वर्षांपूर्वी भाड्याच्या खोलीत त्यांनी स्वतः दाणे भाजायला सुरुवात केली होती, असं साहेबांनी सांगितलं होतं.

टक्केंनी छान मांडणी केली. महाग खाद्य वाढतंय. लोक पाकिटावरचा मजकूर वाचायला लागलेत. म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी वेगळं, पिल्लांसाठी वेगळं अशी मागणी आहे. मांजरांचा वाटा चढतोय. हे सगळं खरंच होतं, मीच चढवलेले आकडे होते ते. मालकीणबाई हनुवटीवर मूठ ठेवून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि जुन्या वस्त्यांतल्या गोण्या? तिथे कुत्रे सापडले का?"

टक्केंनी कागद चाळले. "तिथे प्राणी पाळण्याचं प्रमाण उलट सगळ्यात कमी दिसतंय."

"मग गोण्या खातंय कोण? घरमालक?"

मालकीणबाईंनी टेबलाच्या टोकाशी बसलेल्या ताईकडे मान वळवली. "तुम्ही फिरलात ना? तुम्ही काय पाहिलंत?"

साहेबांनी घसा खाकरला. ताई उठून उभी राहिली.

"तुमचा पहिला प्रश्न चुकलाय, बाई."

साहेबांचा चेहरा फॉर्मच्या कागदासारखा झाला.

"तो प्रश्न मी स्वतः घातलाय," मालकीणबाई सावकाश म्हणाल्या.

"मग बरंच झालं. बदलायला कुणाची परवानगी नको."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मालकीणबाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या. "बसून बोला. काय चुकलंय?"

"पाळलंय का असं विचारलं की माणसाला वाटतं, आता आपल्यावर काहीतरी शेकणार. घरमालक, शेजारी, सुनेचा दमा. तो नाही म्हणतो आणि ते खरंही असतं. पण त्याच्या दाराशी कुणीतरी येतं, आणि आलं की तो खायला घालतो. माझ्या पाचशे घरांत असे एकशे बारा निघाले. तुमची गोणी एका कुत्र्याच्या पोटात जात नाही. ती दुकानात सुटते आणि चाळीस हातांत जाते. त्या चाळिसांनी आयुष्यात तुमचं पाकीट पाहिलेलं नाही, त्यांना मापटं माहीत आहे. त्यांना मोठ्या कुत्र्याचं चित्र दाखवलंत, तर ते म्हणतील हे आपल्यासाठी नाही."

मालकीणबाईंनी एका बरणीचं झाकण उघडलं, बंद केलं. मग म्हणाल्या, "मला दाखवा."

"घरातल्या माणसाला विचारल्याशिवाय नेणार नाही," ताई म्हणाली. "विचारते आणि कळवते."

तिने भूमितीच्या बाईंना विचारलं. "येऊ देत," बाई म्हणाल्या, "पण माझ्याकडे पाळीव काही नाही हं, आधीच सांगते." आणि चार दिवसांनी, सकाळी दहाला, त्या दोन खोल्यांच्या घरात मालकीणबाई, ताई आणि फाइल धरून मी, अशा तिघी एका पलंगावर ओळीने बसलो.

मालकीणबाईंनी आपला प्रश्न आपल्याच तोंडाने विचारून पाहिला. "तुमच्याकडे पाळीव प्राणी आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि ओठ मिटून बसल्या. पुढे काही बोलायला वावच नव्हता.

मालकीणबाईंनी ताईकडे पाहिलं. ताईने विचारलं, "तुम्ही रोज कुणाला खायला घालता?"

आणि बाई बोलायला लागल्या. पाऊण तास बोलल्या. करड्या रंगाची, एका कानाला खाच पडलेली मांजर. पहिल्या वर्षी पत्र्यावरूनच बघायची, तिसऱ्या वर्षी कट्ट्यावर आली, पाचव्या वर्षी पुढचे दात गेले. आता दाणे कोमट पाण्यात भिजवावे लागतात, चमच्याच्या पाठीने कुस्करावे लागतात. तिला बारीक तुकडा लागतो आणि मासळीचा वास लागतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सकाळी सात वाजता आपली वाट बघणारं जगात दुसरं कोणी नाही, हेही त्या बोलून गेल्या आणि लगेच उठून चहा ठेवायला गेल्या.

चहा घेऊन आल्या त्या सरळ मालकीणबाईंसमोर उभ्या राहिल्या. "दाणे तुम्ही बनवता ना? मग ते त्रिकोणी का बनवता?"

"दिसायला बरे दिसतात म्हणून," मालकीणबाई म्हणाल्या.

"कुणाला? तिला? तीन कोन आणि तिन्ही हिरड्यांना टोचतात. गोल करा. वर्तुळाला कोपरा नसतो, हे पाचवीतल्या पोरांना कळतं."

तीस वर्षं कारखाना चालवलेल्या मालकीणबाई वर्गात उभं केल्यासारख्या झाल्या. मग इतक्या मोकळ्या हसल्या की कपातला चहा बशीत सांडला. जिना उतरताना त्या ताईला म्हणाल्या, "पाहणी पुन्हा करायची. चारही शहरांत. पहिला प्रश्न तुमचा."

पाहणी पुन्हा झाली. या वेळी टक्के स्वतः दोन दिवस ताईबरोबर फिरले. पहिल्या दिवशी त्यांना घंटा वाजवायला संकोच वाटत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी एका शिंप्याने त्यांना पायरीवर बसवून आपल्या सात मांजरांची वंशावळ सांगितली आणि टक्केंनी ती लिहून घेतली, पेन्सिलने. चार शहरांचे आकडे आले: 'नाही' म्हणणाऱ्या दर दहा घरांतली तीन घरं खायला घालणारी. एका शहरात मात्र हिशेब फसला. तिथले लोक आपल्या ताटातलं उरलेलंच घालत होते, विकतचं कोणी घेत नव्हतं. ताईने तेही जसंच्या तसं लिहिलं. "तिथे आत्ता जाऊ नका," असं मालकीणबाईंना तोंडावर सांगितलं, आणि त्या गेल्या नाहीत.

महागड्या पाकिटाची योजना बासनात गुंडाळली गेली. त्याऐवजी पाव किलोचं साधं कागदी पाकीट आलं. दाणे गोल, बारीक, पाण्यात लवकर मऊ होणारे. पाकिटावर काय छापायचं यावरून रणधुमाळी झाली. जाहिरातवाल्यांना मांजरीला मिठी मारलेली मुलगी हवी होती. ताई म्हणाली, "यांच्यातली एकही मांजर मिठीत येत नाही. ओरबाडेल." मग चित्र गेलं. 'पाळीव' हा शब्दही गेला. फक्त छापलं: दाराशी येणाऱ्यांसाठी.

सुरुवातीला दुकानदार नाराज झाला; त्याचं मापटं बसून राहिलं. पण पाकिटं दोरीला टांगून ठेवली की लोक आपापली ओढून नेतात आणि त्याला स्टुलावरून उठावं लागत नाही, हे ध्यानात आल्यावर त्याचा राग गेला. भांडणाऱ्या दोघी बहिणी आता दोन वेगवेगळ्या दोऱ्यांची पाकिटं नेतात म्हणे. पहिल्या सहा महिन्यांत कारखान्याला दुसरी भट्टी लावावी लागली. पुढच्या वर्षी दुसऱ्या दोन कंपन्यांनी अशीच पाकिटं काढली, तेव्हा मालकीणबाईंनी ती मागवून घेतली, दाणे हातात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, "त्रिकोणीच आहेत."

त्यांनी ताईला आपल्याकडे बोलावलं होतं. स्वतंत्र खोली, खाली दोन माणसं, दारावर पाटी. ताईने दोन दिवस विचार केला आणि नम्रपणे नाही म्हटलं. भाऊजींना आश्चर्य वाटलं. "अहो, एकाच प्राण्याचं खाद्य जन्मभर कोण मोजत बसणार?" ती त्यांना म्हणाली. "उद्या कोणी छत्र्यांचं काम आणेल, परवा चष्म्यांचं."

पण तिने साहेबांना हे नाही म्हणणं आधी सांगितलं नाही. कारखान्याचं बोलावणं कानावर आल्यावर साहेबांनीच घाबरून विचारलं, "तुम्हाला इथे राहायला काय द्यावं लागेल?" तेव्हा तिने मागून घेतलं: ऑफिसात तयार होणारा कुठलाही फॉर्म तिच्या सहीशिवाय छापायला जाणार नाही. साहेबांनी लेखी दिलं.

आता शुक्रवारी ती बाहेर जात नाही. माझ्या टेबलासमोर खुर्ची टाकून लाल पेन घेऊन बसते आणि प्रश्न वाचते. एखादा प्रश्न आवडला नाही की मला मोठ्याने वाचून दाखवते आणि विचारते, "तुझ्या दारात येऊन कोणी असं विचारलं, तर तू काय सांगशील?" मी खरं ते सांगते. बरेचदा प्रश्न खोडला जातो. मागच्या शुक्रवारी साहेब स्वतःच लिहिलेला फॉर्म घेऊन आले, चष्म्यांच्या दुकानांचा, चोपन्न प्रश्नांचा. ताईने तो घेतला, पहिल्या पानावरच पेनचं टोपण काढलं. साहेब बाजूला उभेच होते.

"बसा ना साहेब," ती म्हणाली, "वेळ लागेल," आणि वाचत राहिली.